मोती तलाव आणि फ्लोरा फाउंटन

सिंदखेड राजा

ती. दादांस, सा. नमस्कार.

स्मारक म्हटले की चौकातले कारंजे किंवा पुतळा डोळ्यांपुढे येतो. इथे आल्यावर मात्र वाटते, जाधव घराण्याचे खरे स्मारक मोती तलाव आहे. लखुजीरावांची समाधी भव्य आहे, यात वाद नाही. 1629 मध्ये निजामशाही दरबारात दगा होऊन ते मुलांसह मारले गेले. समाधी त्या शेवटाची खूण आहे. कारभार कसा होता, ते तलावाच्या बांधावरून कळते. किल्ल्याच्या तटासारखा तो दगडी बांध पाहिला, की पाणी अडवणे हे राज्यकर्त्याने आपले काम मानले होते, हे सांगावे लागत नाही. इथल्या ‘पुतळा बारव’ या पायऱ्यांच्या विहिरीतल्या मूर्तीही पाण्याकडे उतरणाऱ्याला दिसाव्यात अशाच. उलट मुंबईचे फ्लोरा फाउंटन घ्या. 1864 चे ते कारंजे गव्हर्नर फ्रिअरच्या सन्मानार्थ योजलेले, पण नाव लागले रोमन देवीचे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तिथे रक्त सांडले आणि चौक हुतात्म्यांचा झाला. फ्रिअर आज कोणाला आठवतो?

लोणार

ती. दादांस, सा. नमस्कार.

माझ्या मागच्या पत्रावरचे तुमचे दोन्ही आक्षेप बिनतोड वाटतात, पण तसे नाहीत. फ्रिअर परका म्हणून विसरला गेला, असे तुम्ही लिहिता. मग गोदावरीच्या मुखाकडचे तेलुगू शेतकरी धवळेश्वरमचा बंधारा बांधणाऱ्या आर्थर कॉटनचे पुतळे का उभारतात? तोही इंग्रजच. तलाव सोयीसाठी बांधला, स्मरणासाठी नव्हे, हे तुमचे दुसरे म्हणणे खरे. पण स्मरण बांधणाऱ्याच्या हेतूवर चालत नाही. इथल्या सरोवराचे पाणी खारट, आणि वर काठाशी गोमुखातून गोड्या पाण्याची धार पडते. ती कोणा बांधणाऱ्याच्या नावाची नाही, तरी तिथे माणसे श्रद्धेने स्नान करतात, देऊळ उभे आहे. खरी अडचण तुम्ही मांडलीच नाहीत: नळ आले की बारव नुसती पाहण्यापुरती उरते. म्हणूनच जपायचे ते दगडाबरोबर पाणीही. त्यासाठी गाळ काढावा लागतो, आणि ते या जिल्ह्याला नवे नाही. 2018 मध्ये ‘सुजलाम सुफलाम’ मोहिमेत इथल्या अनेक तलावांतला गाळ शेतांवर गेला. 12 जानेवारीला सिंदखेड राजात, लखुजीरावांच्या कन्या जिजाऊंच्या जन्मस्थळी लोटणाऱ्या गर्दीने राजवाड्यावरून परतताना मोती तलावावरही जावे, आणि सोहळ्याच्या खर्चातला थोडा वाटा दरवर्षी त्याच्या डागडुजीला द्यावा. तुम्हीही याल तेव्हा आधी तलाव पाहा, मग राजवाडा.