गहू पिकवतो, पण पोळी चालत नाही



आज नोंद पिकाची नाही, पोटाची आहे. होळी तोंडावर आली म्हणून लिहितोय.

दीड एकर लोकवन पिवळा पडलाय, आठवडाभरात हार्वेस्टर लागेल. पण त्यातला एक दाणाही मला चालत नाही. ३ वर्षांपूर्वी सारखे जुलाब, वजन उतरलेलं, हिमोग्लोबिन ७. लोहाच्या गोळ्या खाऊनही वाढेना. रक्त तपासलं, दुर्बिणीनं आतड्याचा तुकडा काढून तपासला, तेव्हा कळलं, सीलिॲक आहे. गव्हातल्या ग्लुटेनमुळं आपलंच शरीर लहान आतड्याचं अस्तर खराब करतं, मग खाल्लेलं अंगी लागत नाही. उपाय एकच, गहू आणि जव जन्मभर बंद.

गेल्या होळीला मामाकडं पंगतीला बसलो. मामी म्हणाली, "अरे, चतकोरानं काय होतंय? आणि खपलीची आहे, पचायला हलकी." पंधरा माणसं बघत होती. नाही म्हणायची लाज वाटली, खाल्ली. पुढं ४ दिवस ऐन सुगीत मी खाटेवर. गव्हाची पोती बायकोनं एकटीनं ट्रॉलीत भरली. माझी लाज तिच्या पाठीवर पडली.

खपलीचं बरेच जण विचारतात. गहू चांगलाच आहे, पण तोही गहूच. ग्लुटेन त्यातही असतं, बन्सीतही असतं.

यंदा आठ दिवस आधी मामीला फोन केला आणि सगळं सांगितलं:

– पोळ्या लाटायला घ्यायच्या आधी माझं पुरण वेगळं काढायचं. डाळ-गुळाला काही अडचण नाही.
– कटाच्या आमटीत हिंग नको. डबीवर वाचा, बऱ्याच हिंगात मैदा मिसळलेला असतो.
– कुरडई गव्हाची. तिच्या तेलात उडदाचा पापड तळला की तोही गेला. पापड आधी तळायचा.
– भाकरी मी घरून आणीन. गिरणीत गव्हावर ज्वारी दळली की पीठ मिसळतं, म्हणून आमची मालदांडी घरच्या चक्कीवर दळतो.

मामी जरा वेळ गप्पच. मग म्हणाली, "मला वाटलं तुला माझ्या हातचं आवडत नाही. आधी सांगायचं नाही का रं?"

एवढंच होतं बघा. पंगतीत नाही म्हटलं की वाढणाऱ्याचा अपमान होतो. आधी फोन केला की तीच बाई आपलं ताट सांभाळते.

अजून एक. कुणाला वर्षानुवर्षं जुलाब असतील, रक्त वाढत नसेल, तर मनानं गहू बंद करू नका. आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. गहू सोडल्यावर तपासणीत आजार सापडेलच असं नाही.

गव्हाचा उतारा काढणी झाल्यावर टाकतो.