वलुरकाचा खांब

६ डिसेंबरला, महापरिनिर्वाणदिनी, दादरच्या शिवाजी पार्कचं मैदान पुस्तकांचं होतं. चैत्यभूमीवर माथा टेकवून आलेली माणसं रात्रीच्या प्रवासाचा शीण विसरून स्टॉलपुढे उकिडवी बसतात, पानं चाळतात. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हाती घेतलेली एखादी आजी दिसली की मला त्या ग्रंथाची प्रस्तावना आठवते. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे थेट विचारलंय: सिद्धार्थाने घर खरंच का सोडलं? चार आर्यसत्यं मूळ शिकवणुकीतलीच का? आत्मा नाही, तर पुनर्जन्म कुणाचा? भिक्खू कशासाठी? ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या पश्चात आला. प्रश्न अजून ताजे आहेत.

धम्मात अशी विचारणा फार जुनी. बुद्धानंतर शंभरेक वर्षांनी, वैशालीच्या भिक्खूसभेनंतर, म्हणजे संगीतीनंतर, कधीतरी, संघ दुभंगला. एकीकडे स्थविर, दुसरीकडे महासांघिक. कारणाबद्दल जुन्या ग्रंथांतच एकमत नाही. कुणी विनयाच्या, म्हणजे भिक्खूंच्या शिस्तीच्या, नियमांकडे बोट दाखवतं, कुणी महादेव नावाच्या भिक्खूच्या पाच मुद्द्यांकडे. निर्वाण गाठलेल्या अर्हतालाही शंका उरते, काही गोष्टी त्यालाही दुसऱ्याकडून कळतात, असं ते मुद्दे म्हणतात. किती धीराचं बोलणं! हे मुद्दे मानून अर्हताला माणसांत आणणाऱ्या महासांघिकांनी बुद्धाला मात्र लोकोत्तर मानलं. इथे माझं मन अडतं. म्हातारपणी पाठ दुखते म्हणून आडवा होणारा, प्रवचन शिष्यावर सोपवणारा बुद्धच मला जवळचा.

तरीही या महासांघिकांबद्दल मला माया वाटते, कारण त्यांचं घर आपल्या सह्याद्रीत होतं. कार्ल्याला, तेव्हाच्या वलुरकाला. सातवाहन राजा पुळुमावीच्या राज्याच्या २४व्या वर्षी हरफरण नावाच्या उपासकाने तिथे नऊ खोल्यांचा मंडप दिला. ताबा महासांघिकांचा, पण दान चारी दिशांच्या संघाला, असं शिलालेखात कोरलंय. तिथल्याच चैत्यगृहातला एक खांब सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकाचा, म्हणजे धम्मग्रंथ मुखोद्गत म्हणणाऱ्याचा. हा धम्मुत्तरीय, म्हणजे स्थविरांच्या बाजूच्या शाखेतला. सोपारा म्हणजे आपलं नालासोपारा, दादरहून विरार लोकलने जातो ते. तिथून घाट चढून त्याचं दान पोहोचलं, आणि एकाच डोंगराने दोन्ही पंथांची नावं अंगावर वागवली. वाद मिटले नव्हते. दगड मात्र दोघांचा होता.

मुंबईहून कितीतरी कुटुंबं कार्ल्याच्या एकवीरेला जातात. देवीचं दर्शन घ्याच. मग शेजारच्या चैत्यगृहात शिरा, सातिमिताच्या खांबावरची ब्राह्मी अक्षरं शोधा आणि मुलांना दाखवा.