मागच्या बाकावरचा मुलगा

१९९२ साली पावसला शिकवत असताना सातवीतल्या एका मुलाने आमच्या नाकी नऊ आणले होते. उशिरा येई, विचारले तर तोंड उघडत नसे, गणिताच्या तासाला खुशाल झोपे. आम्ही त्याला वर्गाबाहेर उभे केले. एकदा छडीही मारली. आज ते लिहिताना लाज वाटते.

एप्रिलमधल्या एका रविवारी आम्ही त्याच्या घरी निघालो. तो वाटेतच कलमांच्या बागेत दिसला. बाप आजारी, म्हणून रात्रीची राखण हाच करी. पुढ्यात हापूसचा ढीग. नुसत्या हाताच्या अंदाजाने तो चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी पेट्यांची फळे वेगळी करीत होता.

केळुसकर गुरुजींना भीमराव भेटले ते चर्नी रोडच्या बागेत, वाचत बसलेले. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर आपले बुद्धचरित्र गुरुजींनी त्यांना भेट दिले. ते त्यांच्या शाळेतले शिक्षकही नव्हते! आमचा विद्यार्थी तर रोज समोर बसत होता.

सोमवारी तो उशिराच आला. आम्ही आत घेतले आणि फळ्यावर आंब्यांच्या पेट्यांचे गणित घातले. मागच्या बाकावरून आवाज आला, “गुरुजी, एवढा मोठा आंबा सहा डझन नाय मावत पेटीत.”