महापेशी आणि तिचा शेजार

मानवी शरीरातील बहुतेक पेशींत एकच केंद्रक असते, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली एखाद्या पेशीत वीस-तीस केंद्रके एकत्र दिसली की नजर तिच्यावरच खिळते आणि निदानातील चुकांची सुरुवात पुष्कळदा तिथूनच होते. अशा पेशीला विकृतिशास्त्रात बहुकेंद्रकी महापेशी आणि प्रयोगशाळेच्या रोजच्या बोलण्यात ‘जायंट सेल’ म्हणतात. अनेक केंद्रके असणे ही मुळात विकृती नव्हे. जुने हाड विरघळवून नव्याला जागा करून देणारी ऑस्टिओक्लास्ट पेशी, वारेचा मातेच्या रक्ताला भिडणारा थर आणि सांगाड्याच्या स्नायूंचे तंतू निरोगी शरीरातही बहुकेंद्रकीच असतात.

क्षयरोगातील महापेशीचे सविस्तर वर्णन जर्मन विकृतिशास्त्रज्ञ थिओडोर लँगहान्स यांनी १८६८ साली केले, म्हणजे रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवून देण्याच्या चौदा वर्षे आधी. (त्याच वर्षी त्वचेतील अगदी वेगळ्या पेशींचे वर्णन करणारे पाउल लँगरहान्स हे दुसरे, दोघांची गल्लत उत्तरपत्रिकांत अजूनही होते.) जंतू आणि मृत पेशी गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी, लिम्फोसाइट पेशींनी सोडलेल्या इंटरफेरॉन-गॅमासारख्या द्रव्यांच्या प्रभावाखाली एकमेकींत विलीन होतात, आणि त्यांची केंद्रके कडेने घोड्याच्या नालेसारखी मांडली गेली की तिला लँगहान्स महापेशी म्हणतात. मानेतील गाठीच्या सुईतपासणीत, म्हणजे एफएनएसीत, ती दिसताच ‘क्षय’ लिहून मोकळे होण्याचा मोह भारतात मोठा आहे, कारण येथे ते निदान बहुतेकदा बरोबरही ठरते. परंतु सारकॉइडोसिस, ट्यूबरक्युलॉइड कुष्ठरोग आणि हिस्टोप्लाझ्मासारख्या बुरशींचा संसर्ग यांतही हुबेहूब तीच पेशी आढळते. म्हणून पाहावे लागते ते तिच्या भोवताली: मॅक्रोफेज पेशींच्या पुंजक्यात, म्हणजे ग्रॅन्युलोमात, केसिअस नेक्रोसिस आहे का, म्हणजे ऊतक मरून त्याचा रचनाहीन, भुसभुशीत लगदा झाला आहे का, ग्रॅन्युलोमा त्वचेतील मज्जातंतूला पोखरत आहे का, झील-नील्सन रंजनात लाल जंतू किंवा चांदीच्या रंजनात काळ्या कडांची बुरशी दिसते का. ऊतकात जंतू विरळ असल्याने रंजनात काही न दिसले तरी क्षय नाकारता येत नाही, आणि अशा वेळी ताजा तुकडा सीबीनॅट या जनुकीय चाचणीसाठी व कल्चरसाठी वेगळा राखलेला असेल तरच पुढची वाट उरते. सगळा नमुना फॉर्मॅलिनमध्ये बुडवला की त्यातून जंतू वाढवणे अशक्य होते.

शस्त्रक्रियेचा टाका, टाल्क किंवा त्वचेतील फुटलेल्या सिस्टमधील केराटिन यांभोवती जमणाऱ्या महापेशींत केंद्रके अस्ताव्यस्त विखुरलेली असतात, आणि टाका किंवा टाल्क ध्रुवीकृत प्रकाशात चमकून स्वतःच आपली ओळख देतो. मात्र नालेची मांडणी आणि विस्कळीत मांडणी एकाच स्लाइडवर शेजारी शेजारी सापडते, त्यामुळे या दोहोंतील भेदाला पाठ्यपुस्तकांनी गरजेपेक्षा अधिक मान दिला आहे, असे म्हणावे लागते. मांडणीला खरोखर काही अर्थ असेल तर तो टाउटन महापेशीत: केंद्रकांचे कडे, त्याच्या आत एकसारखे गुलाबी पेशीद्रव्य आणि बाहेर मेदाने फेसाळलेले, असे रूप दिसल्यास झँथोमा किंवा लहान मुलांतील झँथोग्रॅन्युलोमा यांचा विचार प्रथम येतो.

विषाणूही पेशींना एकत्र जोडतात. नागिणीच्या फोडाच्या तळाशी खरवडून केलेल्या झँक स्मिअरमध्ये त्वचापेशींची केंद्रके एकमेकांना दाबून बसलेली दिसतात, पण विषाणू नागिणीचा की हर्पिस सिम्प्लेक्सचा, हे त्यावरून कळत नाही. गोवरात अंगावर पुरळ येण्याआधीच टॉन्सिल किंवा अपेंडिक्समध्ये वॉर्थिन-फिंकेल्डी महापेशी आढळू शकतात.

कर्करोगाच्या बाबतीत महापेशी दोन अगदी भिन्न भूमिकांत येते, आणि हा भेद निर्णायक आहे. कार्ल स्टर्नबर्ग यांनी १८९८ मध्ये आणि डोरोथी रीड यांनी १९०२ मध्ये वर्णिलेली हॉजकिन लिम्फोमातील मोठी, ठळक केंद्रिकांची पेशी ही स्वतःच कर्कपेशी असते, जरी गाठीचा फार मोठा भाग भोवतालच्या दाहपेशींनीच भरलेला असतो. याउलट, बहुधा वीस ते चाळीस या वयात गुडघ्याजवळच्या हाडाच्या टोकाशी होणाऱ्या जायंट सेल ट्यूमरमध्ये डोळ्यांत भरणाऱ्या महापेशी अर्बुदाच्या नसतातच. हिस्टोन प्रथिनाच्या जनुकात बदल झालेल्या एककेंद्रकी पेशी रँक-लिगँड नावाचे प्रथिन निर्माण करून त्यांना घडवतात. पॅराथायरॉइड ग्रंथीच्या अतिस्रावाने होणाऱ्या ब्राउन ट्यूमरचे चित्रही इतके सारखे असते, की रक्तातील कॅल्शिअम व पॅराथायरॉइड संप्रेरक तपासल्याशिवाय आणि एक्स-रे पाहिल्याशिवाय अहवालावर सही करणे धोक्याचे ठरते. रँक-लिगँडला अडवणारे डेनोसुमॅब हे औषध दिल्यावर महापेशी जवळपास नाहीशा होतात, परंतु एककेंद्रकी अर्बुदपेशी मागे उरतात, त्यामुळे औषध थांबवल्यावर रोग परतू शकतो; शिवाय औषधोपचारानंतर काढलेल्या तुकड्यात त्या उरलेल्या पेशींभोवती नव्या हाडाचे जाळे इतके दाट दिसू शकते, की रुग्णाला हे औषध मिळाल्याचे मागणीपत्रावर लिहिलेले नसल्यास त्याचे निदान ऑस्टिओसार्कोमा असे होण्याचा धोका असतो.