पूर्वजांचे बोलावणे

पॉल मार्शल यांच्या ‘प्रेझसाँग फॉर द विडो’ (१९८३) या कादंबरीची नायिका एव्ही जॉन्सन ही न्यूयॉर्कजवळ राहणारी, साठी उलटलेली कृष्णवर्णीय विधवा. कॅरिबियन जहाज-सफरीवर असताना, फार पूर्वी वारलेली क्यूनी आजी स्वप्नात येऊन तिला ओढू लागते. लहानपणी तिनेच सांगितलेली कथा विलक्षण आहे: गुलाम म्हणून दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर उतरवलेल्या आफ्रिकेतील इग्बो लोकांना पुढचे सारे भोग दिसले आणि ते पाण्यावरून चालत मायदेशी निघाले. एव्ही जहाज सोडते. ग्रेनाडात भेटलेला वृद्ध लेबर्ट जोसेफ तिला कॅरियाकू बेटावर नेतो. तिथे पूर्वजांसाठी होणाऱ्या ‘बिग ड्रम’च्या नाचात तिची पावले आपसूक जुळतात. इथले अद्भुत घाबरवत नाही, आधार देते. हेच कादंबरीचे मोठेपण. सुखवस्तू होताना गमावलेले बळ परत मिळालेली एव्ही ती कथा नातवंडांना सांगायचे ठरवते.