इंद्रावतीच्या अलीकडचा कळप

चंद्रपूरला उतरलेला पर्यटक जटपुरा गेटातून बाहेर पडून मोहर्लीची वाट धरतो. आम्ही उलट्या दिशेला निघालो होतो, बल्लारपूर-गोंडपिपरी करत आष्टीकडे. वाघ बघायचा नव्हता. महाराष्ट्रात उरलेली रानम्हैस बघायची होती. आष्टीच्या चहावाल्याला हे सांगितलं, तर त्याने कप विसळता विसळता विचारलं, "म्हशी पाहाले इतक्या दूर?"

आष्टीला वैनगंगा ओलांडली की मुलूख बदलतो. चपराळ्याजवळ वर्धा येऊन मिळते, दोघींची प्राणहिता होते आणि ती सिरोंच्यापाशी गोदावरीत विलीन होते. या काठाचा इतिहास म्हणजे कोण कुठवर पोहोचू शकलं, याचा हिशेब. १८५८ मध्ये चिंचगुंडीला तार खात्याच्या दोन इंग्रजांना मारल्यावर बंडखोर बाबुराव सेडमाक्यांना इथल्याच जंगलाने आसरा दिला. शेवटी अहेरीच्या जमीनदारीकडून ते पकडून दिले गेले आणि २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात फासावर गेले. पुढे इंग्रजांनी सिरोंच्याला अप्पर गोदावरी जिल्ह्याचं ठाणं केलं. तिथला कॅप्टन ग्लासफर्ड केव्हाच गेला. ग्लासफर्डपेठा हे गाव मात्र अजून सिरोंचा तालुक्यात आहे, आणि गोंडी-तेलुगू बोलणारी माणसं ते नाव सहज उच्चारतात.

आलापल्लीत साग. इथल्या 'वनवैभव'ला २०१४ मध्ये राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसास्थळ म्हणून मान मिळाला. मान वर करूनही शेंडा दिसू नये अशी ती झाडं, आणि ती खरोखर बघण्यासारखी आहेत. पण बाकी मुलखाला सागाने फारसं सुख दिलेलं नाही. जंगलाची किंमत घनमीटरमध्ये ठरू लागली, बल्लारपूरच्या डेपोकडे लाकूड वाहिलं, तोडलेल्या जागी पुन्हा सागच लावला गेला. अशा सलग लागवडीत रानम्हशीच्या कामाचं फार थोडं असतं. तिला हवं असतं नाल्याकाठचं ओलं गवत, बारमाही डोह आणि लोळायला चिखल. माझा आपला अंदाज असा, की जिथून लाकूड ओढणं परवडलं नाही, तिथेच ती टिकली.

रेपनपल्लीहून फाटा घेऊन कमलापूर. इथे राज्यातला एकमेव सरकारी हत्ती कॅम्प. पूर्वी लाकूड ओढणाऱ्या हत्तींचा. पर्यटक आला तर इथवरच येतो. त्यापुढचा कोलामार्का हा संवर्धन राखीव झाला २०१३ मध्ये, साधारण १८० चौरस किलोमीटरचा. पलीकडे इंद्रावती, आणि इंद्रावतीपल्याड छत्तीसगडचा व्याघ्र प्रकल्प. उन्हाळ्यात नदी उतरली की म्हशींना राज्याची हद्द उरत नाही. छत्तीसगडने तिला राज्यप्राणी केलंय, आपला शेकरू.

मार्च होता. मोहाखालची पानं जाळून जमीन साफ केलेली, बायका टोपल्या घेऊन वाकलेल्या. वनरक्षकाने गाडी नाल्याअलीकडेच थांबवली. "इथून पायीच जा लागते सर. अन् तो पाहात राहिला तं तुम्ही हालू नका. गव्यासारखा पयत नाही तो."

आधी दिसला तो माग: दोन फाकलेले खूर, माझी वीतही अपुरी पडावी इतके रुंद. मग एका येनाच्या बुंध्याला कमरेच्या वर लागलेला चिखल, अजून ओला. त्यात काळे राठ केस अडकलेले. आणि वास, गोठ्याचाच, पण तिखट.

वळणावर तो उभा होता, बारू गवतात पोटापर्यंत. पहिल्या क्षणी मला म्हैसच दिसली, हे खरं. मग शिंगं नजरेत मावेनात. मुळाशी मनगटाहून कितीतरी जाड, त्यावर आडव्या वळ्या, आणि तिथून दोन्ही बाजूंना मागे जात टोकाला पुन्हा आत वळलेली. गाय-म्हशींच्या कुळातल्या कुठल्याच जिवंत प्राण्याची शिंगं इतकी लांब नसतात. त्यांचा पसारा कधी दोन मीटरपर्यंत जातो. गळ्यावर पांढुरकी कोर, गुडघ्याखाली पाय राख फासल्यासारखे. नाक वर करून त्याने आमचा वास घेतला. कानावरची माशी हलली, कान नाही हलला. पाठीमागच्या गवतात आणखी काळं काही सरकलं. किती होत्या, मोजता आलं नाही. मग त्याने एक फुत्कार टाकला आणि संथपणे, पाठ दाखवायची घाई न करता, वळला.

टनभर वजनाचा हा प्राणी जगात चार हजारांच्या आत उरलाय, त्यातले बहुतेक आसामात. मध्य भारतात १८७१ साली फोर्साइथने आपल्या शिकारीच्या पुस्तकात पान पान भरून लिहिलेल्या कळपांची आज अशी चिमूटभर शिल्लक आहे. बंदुकीने मारलं, बुळकांडीने मारलं, गवताळ जागा शेतीत गेल्या. आता भीती वेगळीच आहे आणि ती गावातून येते. गुरांची लाळ्या-खुरकूत रानात पोहोचते. म्हणून आसपासच्या गावांतलं लसीकरण हेच खरं रानम्हशीचं संरक्षण. दुसरं म्हणजे पाळीव म्हशी चरायला सोडल्या की रानरेडा त्यांच्यात येतो, आणि दोन-चार पिढ्यांत जात पातळ होते. कुंपण घालून हे थांबत नाही. गावकऱ्यांनी म्हशी नाल्यापलीकडे सोडू नयेत, एवढंच वनखातं सांगू शकतं, आणि चाऱ्याची सोय न करता सांगितलं तर ते कोणी ऐकणार नाही.

परतताना एका पाड्यावर पाणी प्यायला थांबलो. अंगणात बांधलेल्या म्हशीजवळ एक रेडकू होतं, वयाच्या मानाने थोराड. बापाबद्दल विचारलं तेव्हा म्हातारा हसला. "रानातलाच जी. ताकद लय. पन नांगराले जुंपलं तं अर्ध्या धुऱ्यावर बसून जाते, अन् मंग तुम्ही काय बी करा."