गेट चोर ओळखत नाही

ग्रंथालयाच्या दारातले ते दोन उभे खांब बघितले, की बॅगेत काही नसतानाही उगाच छातीत धडधडतं. निपाणीहून रोज बसनं येणारी माझी एक मैत्रीण तर एका ग्रंथालयात चक्क अडकली. पुस्तक रीतसर नोंदवून घेतलेलं, तरी गेट वाजलं. सगळे वळून बघायला लागले. चूक काउंटरवरची निघाली. पण ती पुढे महिनाभर तिकडं फिरकली नाही.

म्हणून हे यंत्र करतं तरी काय, ते समजून घेतलं. जुन्या पद्धतीत पुस्तकाच्या पानांच्या बेचक्यात धातूची बारीक पट्टी दडवलेली असते. खांबांमधल्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रात ती आली, की संकेत देते आणि गेट वाजतं. पुस्तक देताना पट्टीचा काही भाग चुंबकित करून तिला गप्प करतात. पुस्तक परत आलं, की पुन्हा जागी करतात. हे गप्प करायचं राहिलं, तर प्रामाणिक वाचकही 'चोर'!

नवी पद्धत आरएफआयडीची. कोगनोळी टोलनाक्यावर काचेवरचा फास्टॅग वाचतात ना, त्याच कुळातली. चिपला बॅटरी नसते. समोरून येणाऱ्या रेडिओ लहरींवरच ती जागी होते. फास्टॅग काही मीटरवरून वाचला जातो, पुस्तकातली चिप मात्र १३.५६ मेगाहर्ट्झवर, जवळूनच. पुस्तक नोंदवून दिलंय की नाही, एवढंच गेट बघतं. माणसाबद्दल त्याला काही कळत नाही. ते वाजलं, तर नोंद तपासावी. माणसाकडं संशयानं बघू नये.

एके काळी युरोपात ग्रंथ साखळीनं बांधत. इंग्लंडमधल्या हिअरफर्ड कॅथीड्रलमध्ये तसं ग्रंथालय अजून आहे. रंगनाथन यांनी १९३१ साली आपल्या पाच नियमांत पहिला मान दिला तो पुस्तकाच्या वापराला. गेटचा खरा उपयोगही तोच. दारात राखण असली, की कपाटं उघडी ठेवता येतात आणि आपल्याला हातानं पुस्तक निवडता येतं.

पण ब्लेडनं कापलेलं पान गेटला कळत नाही. दुसऱ्याला मिळू नये म्हणून भलत्याच रॅकमध्ये दडवलेलं पुस्तकही कळत नाही. आपल्या सीमाभागात एखादं जुनं मराठी पुस्तक असं हरवलं, तर दुसरी प्रत मिळेलच असं नाही. तिथं राखण आपणच करायची.